किल्ल्यांचा जुडगा

गेलीं पुष्कळ वर्षें आम्ही एका महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकवीत आहों, आणि तेथील प्रयोगशाळेची व्यवस्थाहि आमच्याकडेच आहे. हा आमचा व्यवसाय कळला कीं, लग्नमुंजींच्या पंगतींत शेजारीं बसलेले एखादे वृद्ध गृहस्थ आपला बिघडलेला मोबाइल हळूच आमच्या हातांत देतात; आणि तो आमच्याच्यानें दुरुस्त झाला नाहीं म्हणजे आमच्या विद्वत्तेविषयीं त्यांच्या मनांत आलेला संशय त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटतो. पूर्वीं आम्हांला त्याचें वाईट वाटत असे. आतां वाटत नाहीं. २०२२ सालच्या डिसेंबरांत आमच्याच प्रयोगशाळेंत आमच्याच हातून असा एक प्रकार घडला कीं, त्यानंतर स्वतःविषयीं थोडा संशय बाळगणें हें आम्हांला प्रकृतीस हितावह वाटूं लागलें आहे. त्या प्रकाराची ही हकीकत.

ती समजण्यास थोडें शास्त्र आवश्यक आहे. तें शक्य तितकें थोडक्यांत सांगतों. एकाच भक्कम संगणकाच्या पोटांत अनेक लहान संगणक नांदत आहेत असा आभास निर्माण करतां येतो. अशा प्रत्येक लहान संगणकास आभासी यंत्र म्हणतात. जुन्या वाड्यांत दहा-वीस बिऱ्हाडें असत, प्रत्येकाची चूल निराळी पण जोतें आणि आड एकच, तसाच हा प्रकार. कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील आय्. बी. एम्. कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रांत ती १९६० नंतरच्या दशकांतच प्रत्यक्षांत आली होती. आमच्यासारख्या बेताच्या प्राप्तीच्या संस्थांच्या आटोक्यांत मात्र ती आली लिनक्समुळें. लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केलेल्या या विनामूल्य प्रणालीच्या गाभ्यांत २००७ सालच्या फेब्रुवारींत केव्हीएम नांवाचा भाग समाविष्ट झाला, आणि तेव्हांपासून साधासा सर्व्हरहि असा वाडा होऊं शकतो.

प्रत्येक आभासी यंत्राला स्वतःची डिस्क हवी. ही डिस्क म्हणजे वस्तुतः खऱ्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते; तिला प्रतिमा म्हणतात. परीक्षेला चाळीस विद्यार्थी बसावयाचे तर चाळीस यंत्रें हवींत, आणि चाळीस यंत्रांना चाळीस प्रतिमा. प्रत्येक प्रतिमा वीस गिगाबाइटची धरली तर आठशें गिगाबाइट झाले. एवढी जागा आमच्या सर्व्हरावर कोठून असणार? म्हणून अशी युक्ति करतात कीं, सर्व प्रोग्राम बसवून एकच मूळ प्रतिमा तयार करावयाची, आणि बाकीच्या चाळीस तिच्या आधारानें काढावयाच्या. नकाशावर पातळ पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक मुलानें आपापल्या कागदावर खुणा कराव्या, आणि नकाशा मात्र कोरा तो कोराच राहावा, तसें हें आहे. आधाराची प्रतिमा जन्मतः कांहींशें किलोबाइटची असते. विद्यार्थी जें बदलील तेवढेंच तिच्यांत सांठत जातें. अट एकच. खालचा नकाशा प्रत्येक कागदाला दिसला पाहिजे.

ही सर्व व्यवस्था ज्या सर्व्हरावरून चालते, तो त्या वर्षीं आम्हीं बदलला. जुना थकला होता. नव्यावर उबुंटूची त्या सालची आवृत्ति घातली, आणि आमचें सामान नव्या जागेंत हलविलें. मूळ प्रतिमा पूर्वीं आमच्या स्वतःच्या फोल्डरांत, म्हणजे आमच्या नांवाच्या घरांत, ठेवलेली असे. नव्या सर्व्हरावरहि ती आम्हीं तेथेंच ठेवली. चार वर्षें ज्या ठिकाणीं एखादी वस्तु बिनतक्रार राहिली, तें तिचें योग्य ठिकाण आहे असें मानण्याची मनुष्याला संवय असते.

आमच्या हाताखालीं त्या वेळीं एक तरुण मदतनीस होता. हा आमचाच जुना विद्यार्थी. नेमणूक अकरा महिन्यांची. अकरावा महिना संपत आला कीं आमच्या अभिप्रायावर पुढचे अकरा महिने अवलंबून. बोलण्यांत अबोल, अक्षर सुरेख. प्रयोगशाळेंत काय केलें आणि काय अडलें याची एक वही ठेवण्याचा आमचा नियम आहे. ती तो लिहीत असे, आणि प्रत्येक दिवसाच्या नोंदीखालीं आम्ही सही करीत असूं.

परीक्षा सोमवारीं होती. आदल्या बुधवारीं दुपारीं तो आमच्या खोलींत येऊन म्हणाला, “सर, चाळीस प्रतिमा तयार होत नाहीत. मूळ प्रतिमा वाचायला गेलं की परवानगी नाकारली म्हणतोय.”

“कोण म्हणतोय?”

“सर्व्हर, सर.”

आम्ही उठलों, प्रयोगशाळेंत गेलों आणि रूट या नांवानें आंत शिरलों. रूट म्हणजे लिनक्सच्या राज्यांतील सार्वभौम. इतरांस जीं बंधनें लागू असतात, तीं रूटला लागू नसतात. फाइल कोणाचीहि असो, त्याला ती वाचतां येते, लिहितां येते, पुसतां येते. आम्हीं मूळ प्रतिमेवरील परवानग्या पाहिल्या: वाचण्याची मुभा सर्वांस होती. तीच कमांड आम्हीं दिली, आणि मिनिटभरांत चाळीस प्रतिमा ओळीनें तयार झाल्या.

“हे बघ, झाल्या! फाइल उत्तम आहे, परवानगी सगळ्यांना आहे. सूचना नीट वाचून कमांड देत जा.”

तो कांहीं बोलणार होता असें आतां आठवतें. पण “हो, सर” एवढेंच म्हणाला. संध्याकाळीं त्यानें वही पुढें केली, तिच्यावर आम्हीं सही केली, आणि घरीं निघण्यापूर्वीं प्राचार्यांनीं मागितलेला त्याच्याविषयींचा गुप्त अभिप्रायहि लिहून टाकला: ‘वर्तणूक चांगली, परंतु लेखी सूचना लक्षपूर्वक वाचण्याची संवय नाहीं.’ तो लिफाफा शनिवारीं द्यावयाचा होता. आम्हीं तो टेबलाच्या खणांत ठेवला.

गुरुवारीं सकाळीं यंत्रें सुरू करावयास घेतलीं. चाळीसांपैकीं एकहि उठेना. पडद्यावर तेच शब्द: परवानगी नाकारली. या वेळीं कमांड देणारे आम्ही होतों, आणि रूट होतों. सार्वभौमालाच कोणी परवानगी नाकारली म्हटल्यावर त्याला जो राग येईल, तो आम्हांला आला.

त्या दिवशीं आणि दुसऱ्या दिवशीं आम्हीं काय काय केलें याची यादी दिली असतां या विषयांतील जाणकारांस हंसूं येईल. परंतु ती देणें हा प्रायश्चित्ताचा भाग आहे. प्रथम जागेचा संशय घेतला. डिस्कवर जागा भरपूर होती. मग वाटलें, मूळ प्रतिमाच उतरवून घेतांना बिघडली असावी, म्हणून तिचा चौसष्ट अक्षरी पडताळा-आंकडा काढून मुळाशीं ताडून पाहिला, अक्षरन्‌अक्षर जुळलें. मग प्रोसेसरांतील आभासी यंत्रांची सोय बंद असेल म्हणून सर्व्हर बंद करून त्याच्या अगदीं आरंभींच्या मांडणींत शिरलों. सोय चालू होती. मग उबुंटूच्या पहारेकऱ्यावर, म्हणजे अॅपआर्मरवर, आळ घेतला. त्याच्या रोजनिशींत आमच्या यंत्रांना अडविल्याची एकहि नोंद नव्हती. शुक्रवारीं दुपारीं तर सारें पुसून सर्व्हर नव्यानें मांडावा इथपर्यंत मजल गेली. हे सर्व प्रयोग आम्हीं रूट होऊन केले, आणि प्रत्येक प्रयोगाचें उत्तर एकच येत होतें: सर्व ठीक आहे.

गंमत अशी कीं, ज्या एका गोष्टींत उत्तर होतें, ती आम्ही दरसाल वर्गांत शिकवितों. आभासी यंत्र सुरू करण्याचा हुकूम रूटनें दिला तरी तें प्रत्यक्ष चालविणारा प्रोग्राम रूटच्या नांवानें चालत नाहीं. उबुंटूवर तो लिब्व्हर्ट-क्यूईएमयू नांवाच्या एका अगदीं कमी अधिकाराच्या नोकराच्या नांवानें चालतो. हेतु असा कीं, उद्यां एखाद्या बिऱ्हाडांत चोर शिरला तरी त्याच्या हातीं साऱ्या वाड्याच्या किल्ल्या लागूं नयेत. म्हणजे नकार मिळत होता तो आम्हांला नव्हे. आमच्यातर्फें काम करणाऱ्या त्या गरीब नोकराला. आम्हांला मात्र तो आमचाच अपमान वाटत होता.

शुक्रवारीं संध्याकाळीं पांच वाजून गेल्यावर मदतनीस वही घेऊन आला. सहीसाठीं आला असें समजून आम्हीं पेन उचललें. त्यानें आजचें पान न उघडतां बुधवारचें उघडलें. त्याच्या सुरेख अक्षरांत तेथें लिहिलें होतें: ‘मूळ प्रतिमा माझ्या नांवानें वाचतां येत नाहीं, रूटच्या नांवानें येते. फाइलीवरील परवानगी ठीक. वाटेंत अडथळा असावा, पाहणें जरूर.’ आणि त्याखालीं आमची सही होती.

“सर, एकदा माझ्या नावानं बघू का?” त्यानें विचारलें.

त्यानें आपल्या नांवानें लॉगिन केलें आणि नेमआय नांवाची एक लहानशी कमांड दिली. ही कमांड फाइलीपर्यंतच्या मार्गावरील प्रत्येक पायरी एकेका ओळींत मांडते, आणि प्रत्येक पायरीवर कोणाला काय मुभा आहे तेंहि दाखविते. पहिली पायरी, म्हणजे सर्व्हराची मूळ डिरेक्टरी: सर्वांस मोकळी. दुसरी, जिच्यांत सर्वांचीं घरें असतात ती: सर्वांस मोकळी. तिसरी, आमचें घर: मालकास सर्व मुभा, मालकाच्या गटास आंत येण्याची, आणि इतरांच्या जागीं तीन आडव्या रेघा. चौथ्या ओळींत पायरी नव्हतीच. तेथें ‘परवानगी नाकारली’ एवढेंच होतें.

लिनक्सचा नियम असा आहे कीं, फाइल सर्वांस खुली असून भागत नाहीं. तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरांतून पार जाण्याची मुभाहि असावी लागते. देवघराचें दार सताड उघडें आहे, पण वाड्याच्या दिंडीदरवाजाला आंतून अडसर आहे. मग देवघराचें दार उघडें असून उपयोग काय? आम्ही तीन दिवस देवघराच्या उघड्या दाराकडे बोट दाखवून ‘दर्शनास कोणाची आडकाठी आहे?’ असें विचारीत होतों. आणि तो अडसर आमच्याच घराचा होता.

जुन्या सर्व्हरावर हें कां अडलें नाहीं? कारण त्या काळीं उबुंटू प्रत्येकाच्या नांवाचें घर तयार करतांना तें इतरांस जातां-येतां येईल असेंच ठेवीत असे. २०२१ सालच्या एप्रिलांतील आवृत्तीपासून ही पद्धति बदलली आणि नवीं घरें बाहेरच्यांस बंद राहूं लागलीं. बदल योग्यच होता. एकाचीं कागदपत्रें दुसऱ्यानें सहज वाचावीं हें केव्हांहि बरें नव्हतें. आम्हींच नव्या घरांत जुन्या घराच्या भरंवशावर राहावयास गेलों होतों.

उपाय दोन होते. आमच्या घराचें दार सर्वांस उघडें करणें हा एक. पण त्याच घरांत आम्हीं परीक्षेच्या प्रश्नपत्रिकाहि ठेवल्या होत्या. दुसरा उपाय मदतनिसानें सुचविला, तोच खरा. तो म्हणाला, “प्रतिमा सगळ्यांसाठी आहे, सर. ती तुमच्या घरात कशाला?” मूळ प्रतिमा सामाईक जागेंत हलविली. आधाराच्या प्रतिमांत मुळाचा जुना पत्ता लिहिला गेलेला होता, म्हणून त्या चाळीसहि पुसून पुन्हां काढल्या. या खेपेस त्या त्यानें, स्वतःच्या नांवानें काढल्या. सात वाजण्यापूर्वीं चाळीस यंत्रें सुरू झालीं. सोमवारची परीक्षा बिनबोभाट पार पडली, आणि अमुक एक गोष्ट बिघडली होती हें विद्यार्थ्यांना कळलेंहि नाहीं.

त्या रात्रीं जेवतांना आम्हीं ही हकीकत घरीं सांगितली. सांगतांना ती नकळत थोडी बदलली. ‘शेवटीं आम्हीं शोधून काढलें’ असें तिचें रूप झालें. सौभाग्यवतींनीं सर्व ऐकून घेतलें आणि आमटी वाढतां वाढतां विचारलें, “त्या मुलाला बुधवारी तुम्ही काय म्हणाला होतात?” आम्हीं तेंहि सांगितलें. त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. परंतु खणांतील लिफाफा आम्हांला त्याच क्षणीं आठवला, आणि त्या लिफाफ्यांतील वाक्यहि. लेखी मजकूर लक्षपूर्वक न वाचतां कामें उरकणारा मनुष्य आमच्या प्रयोगशाळेंत होता खरा. मात्र अभिप्रायांत नांव दुसऱ्याचें पडलें होतें.

शनिवारीं सकाळीं आम्हीं तो कागद फाडून दुसरा लिहिला. त्यानंतर मदतनिसास बोलावून बुधवारचें आमचें बोलणें चुकीचें होतें असें सांगितलें. पन्नाशी उलटलेल्या मनुष्यास पंचविशीच्या मनुष्यापुढें असें सांगणें जड जातें, हें येथें लपविण्यांत अर्थ नाहीं. लिफाफ्याचें मात्र आमच्या तोंडून निघालें नाहीं. तेवढें धैर्य त्या दिवशीं आम्हांला झालें नाहीं. तो संकोचून म्हणाला, “नाही सर, तुम्हांला ते दिसलंच नसतं. तुम्ही रूट होता ना.”

त्यानें हें आमचें समाधान करण्यासाठीं म्हटलें होतें. त्यांत टोमणा नव्हता. टोमणा असता तर आम्ही तो एव्हांना विसरलों असतों. ज्याच्या कंबरेला सर्व किल्ल्यांचा जुडगा असतो, तो दुष्ट असतो असें नव्हे. त्याला कुलपेंच दिसत नाहींत. तो ज्या वाटेनें जातो ती उघडीच असते, आणि तीच वाट दुसऱ्याला अडली असें कोणी सांगितलें म्हणजे त्याला प्रामाणिकपणें वाटतें कीं, सांगणारा एक तर मूर्ख आहे, नाहीं तर आळशी. आम्ही बुधवारीं खोटें बोललों नव्हतों. आम्हांला खरोखरच फाइल उघडतां येत होती. आमचा पुरावा खरा होता, फक्त तो आमच्यापुरता होता.

हें ध्यानांत आल्यावर आम्हीं एक लहानसा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना आम्ही दरवर्षीं पहिल्या तासाला सांगतों कीं, कांहीं अडलें तर आमच्या खोलींत केव्हांहि या, आमचें दार उघडें आहे. तें उघडें असतेंहि. तरी वर्षाकाठीं येणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याचें खापर आम्ही नव्या पिढीच्या अनास्थेवर फोडीत आलों होतों. त्या महिन्यांत वर्गांत सरळ विचारलें, “तुम्ही येत कां नाही?” थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, जिन्याशी शिपाईकाका चिठ्ठी मागतात. चिठ्ठी ऑफिसातून आणायची. ऑफिस दोनला उघडतं, आणि दोनला आमचं प्रॅक्टिकल असतं.” त्या जिन्यानें आम्ही दिवसांतून चार वेळां वरखालीं करतों. शिपाई उठून नमस्कार करतो. चिठ्ठी ही वस्तु आम्हीं जन्मांत पाहिलेली नव्हती.

त्या चिठ्ठीची पद्धत बंद करावयास आम्हांला एक अर्ज आणि दोन सभा लागल्या. विद्यार्थी आतां कांहीं झुंडीनें येतात असें नाहीं, पण येतात. येणारांत बुद्धिमानच असतात असेंहि नाहीं. ज्यांना पूर्वीं जिन्यावरूनच परत जावें लागे, तेच बहुधा येतात.

आमच्या मदतनिसाची नेमणूक पुढें चालू राहिली. दोन वर्षांनीं त्याला याहून बरी नोकरी मिळाली आणि तो गेला. जाण्याच्या दिवशीं आम्हीं त्याला लिफाफ्याची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “बरं झालं, सर, तेव्हा सांगितलं नाहीत.” याचा अर्थ आम्हांला अद्याप पुरता लागलेला नाहीं, आणि तो विचारण्याचा आमचा अधिकारहि नाहीं.

रूटची किल्ली अर्थातच अजून आमच्याकडे आहे; कोणाकडे तरी ती असलीच पाहिजे. परंतु नवीन कांहीं मांडलें म्हणजे तें प्रथम आम्ही एखाद्या सामान्य विद्यार्थ्याच्या नांवानें आंत शिरून पाहतों, आणि मगच ‘चालतें’ असें म्हणतों. असो. प्रयोगशाळेंत तीच वही अजून चालू आहे; नवा मदतनीस ती लिहितो, अक्षर मात्र पहिल्याइतकें चांगलें नाहीं. त्या नोंदींखालीं आम्ही पूर्वींप्रमाणेंच सही करतों. फक्त आधीं वाचतों.